चार पुतळा ते सिद्धेश्वर : किलोमीटरभर रस्त्यामागचा इतिहास

दरवर्षी १२ जानेवारीला सकाळी पार्क चौकाजवळच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, भाषणं होतात, शाळेची पोरं घोषणा देत निघून जातात. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर होम मैदानात त्याच सुमारास पाळण्यांचे सांगाडे उभे राहिलेले असतात आणि गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, भरायला लागलेला असतो. सोलापूरकराला यात काही नवल वाटत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला तो सरळ सांगतो, "चार पुतळ्याला उतरा आणि चालत देवळाकडे या." एका बाजूला किल्ल्याचा तट, दुसऱ्या बाजूला मैदान, पुढे पंचकट्टा आणि मग तळ्यातलं मंदिर. रस्ता किलोमीटरभराच्या आतबाहेरचा.

शहराचा जवळजवळ सगळा जुना इतिहास एवढ्याशा पट्ट्यात का दाटला, याचं उत्तर शोधायचं तर चार पुतळ्यापासून नाही, तळ्यापासून सुरुवात करावी लागते.

बाराव्या शतकात या गावाला सोन्नलिगे म्हणत. तिथले सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, हे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यांच्या कन्नड वचनांची मुद्रा, म्हणजे कवीची सही. कोरड्या मुलखात त्यांनी लोकांना हाताशी धरून तळं खणलं, देवळं बांधली, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. बसवण्णांच्या अनुयायी संतांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेत यासंबंधी एक झकास प्रसंग सांगितला जातो. त्यांच्यातले एक संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला आले ते थेट तळ्याच्या कामावर. तिथे त्यांनी सिद्धरामांची 'माती खणणारा' म्हणून थट्टा केली आणि नुसती माती उपसून मोक्ष मिळत नाही, असं सुनावलं. कामावरची माणसं चिडली, दगड घेऊन अंगावर धावली. पुढे दोघांचा संवाद झाला आणि सिद्धराम अल्लमांबरोबर बसवण्णांच्या कल्याणला (कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला) गेले. तत्त्वज्ञानात बाजू कोणाची वरचढ ठरली ते जाणकारांनी ठरवावं. सोलापूरचं म्हणाल तर गावाला आयुष्यभर पुरलं ते त्या खणलेल्या मातीतून निघालेलं पाणीच. आज मंदिर आहे ते याच तळ्यात, आणि सिद्धरामांची समाधीही त्याच आवारात.

संक्रांतीच्या यात्रेची जी कथा आपण लहानपणापासून ऐकतो तीही याच काठावरची. एका कुंभारकन्येनं सिद्धरामांशीच लग्न करीन असा हट्ट धरला. लग्न करणार नाही म्हणणाऱ्या सिद्धरामांनी शेवटी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला संमती दिली. म्हणून पहिल्या दिवशी योगदंडाची खूण असलेल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, दुसऱ्या दिवशी अक्षता आणि तिसऱ्या दिवशी होम मैदानात होम. सात नंदीध्वज बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून येतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच काठीचं ओझं तोलत पुढे सरकतात आणि 'बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर उठतो. संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते ती कन्नडमध्ये. 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' झालं की चहूबाजूंनी अक्षता उडतात. टाकणाऱ्यांत तेलुगू बोलणारे असतात, मराठी बोलणारे असतात. शब्दन्‌शब्द कळणारे किती, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

आता किल्ला. भुईकोट किल्ला म्हणजे सपाटीवरचा किल्ला, त्याला डोंगराचा आधार नाही. अशा किल्ल्याला खंदक हवा आणि खंदकाला पाणी हवं. बहामनी काळात उभ्या राहिलेल्या या दुहेरी तटाच्या किल्ल्यानं तळ्यालाच एका बाजूचा पहारेकरी केलं. तळ्याच्या बाजूनं बघितलं की बुरूज पाण्यातून वर आल्यासारखे दिसतात ते याचमुळे. तटाजवळून सावकाश चाललं तर मध्येच एखादा कोरीव दगड डोळ्यांत भरतो. वेलबुट्टीचा तुकडा, कुठे आडवा बसवलेला, तोफेच्या माऱ्याला सामोरं जाण्यासाठी नक्कीच कुणी कोरलेला नसणार. किल्ल्याच्या आत उत्खननात मंदिराचे अवशेष निघाले. ते कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं मंदिर म्हणून दाखवतात. म्हणजे सिद्धरामांचं सोन्नलिगे तळ्यापुरतं नव्हतं, त्याचा काही भाग किल्ल्याच्या पोटात गेला.

या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं, आणि त्याच्या मुळाशी हुंड्याचा वाद होता हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचं लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झालं, तेही सोलापुरात. निजामशाहीचं म्हणणं, किल्ला आंदण म्हणून कबूल केला होता. आदिलशाहीचं म्हणणं, असं काही ठरलंच नव्हतं. त्यावरून लढाया झाल्या. पुढे विजयनगरविरुद्ध एकत्र यायची वेळ आली तेव्हा हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला गेला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत या सोयरिकीचा वाटा मोठा. एकाच तळ्याच्या काठी एक लग्न योगदंडाशी लागलेलं आणि दुसरं किल्ल्याच्या मोबदल्यात! यात्रेच्या दिवसांत किल्ला बघायला येणाऱ्यांना ही जोडी कुणीतरी सांगायला हवी. फलकांवर सनावळ्यांपलीकडे फारसं काही नसतं.

पुढचं थोडक्यात. १६६८ मध्ये तहानं किल्ला मोगलांकडे गेला. औरंगजेब १६८५ मध्ये विजापूरच्या वेढ्यावर नजर ठेवत सोलापुरातच तळ देऊन होता. मग निजाम, मग पेशवे. मे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं मागे सोडलेलं पायदळ आणि तोफखाना किल्ल्याच्या आश्रयाला होता, तेव्हा जनरल मन्रोनं तो घेतला. पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतली ही लढाई. शनिवारवाड्याच्या गोष्टींपुढे तिची आठवण फारशी निघत नाही.

इंग्रजी अमलात रेल्वे आली, १८७० च्या दशकात 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, माग आले, चादर आली. गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायला लागलं. या गिरणगावाशिवाय १९३० समजत नाही, कारण रस्त्यावर उतरलेली गर्दी मुख्यतः कामगारांची होती.

६ एप्रिल १९३० ला, गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हातून राष्ट्रध्वज चढला. असं करणारी देशातली पहिली नगरपालिका आपलीच, असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला दारूविरोधी सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला गेलेल्या लोकांना पोलिसांनी पकडलं, जमाव अडवायला आला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे पडले. हा पहिला बळी. त्याच दिवशी मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, कोर्टाला आग लागली, दोन पोलीस मारले गेले. इंग्रजी अंमल शहरातून मागे हटला आणि ९, १०, ११ मे हे तीन दिवस स्वयंसेवकांनी शहर चालवलं, रस्त्यावरच्या वाहतुकीपासून पहाऱ्यापर्यंत. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी सैनिकांच्या डोळ्यांत खुपायची आणि झेंडा हाती धरणं हा गुन्हा होता.

खटला उभा राहिला तो चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा यांना फाशीची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. धनशेट्टींविषयी तर सोलापुरात आवर्जून सांगतात की त्या गोंधळात त्यांनी कलेक्टर नाइटला जमावाच्या हातून वाचवलं होतं. ते खरं असेल तर न्यायाची ही तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. सोलापुरात तेव्हा संक्रांत दोन दिवसांवर होती.

एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी, असं या चौघांकडे बोट दाखवून ऐक्याचं भाषण करणं सोपं आहे आणि ते दरवर्षी होतंच. मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे कुठून तरी गोळा केलेले प्रतिनिधी नव्हते. पेठापेठांतून जे राहत होते तेच पकडले गेले. अक्षतेच्या गर्दीतली माणसं मोजली तरी मिसळण हीच निघेल.

चालायचंच असेल तर माझं ऐका आणि देवळाकडून निघा. आधी तळ्याच्या काठानं किल्ल्याचे बुरूज बघा, पंचकट्ट्यावरून होम मैदानाच्या कडेनं या, किल्ल्यात शिरून ते मंदिराचे अवशेष बघा आणि मग हुतात्मा बागेवरून पार्क चौकात उतरा. किल्ल्याला दिवसाउजेडी जावं लागतं, त्यामुळे संध्याकाळ पार्क चौकातल्या गाड्यांवर खाण्यासाठी मोकळी राहते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र हा बेत आखू नका. गड्ड्याच्या गर्दीत दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो.