रिंगणातला घोडा रपेटीला काढायचा की नाही?

2023 च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने रिंगणात ठरलेल्या चाली करून दाखवणं. घोडेस्वारी म्हणजे नुसतं लष्कर, रेसकोर्स आणि लग्नाची वरात नव्हे, हे त्या निमित्ताने बऱ्याच घरांत पोचलं. सोबत एक समजही पोचला. स्पर्धेचा घोडा म्हणजे लाखोंचा ऐवज. त्याने पागेतून रिंगणात जावं आणि रिंगणातून पागेत यावं, बाहेर काढलात तर पाय गेलाच म्हणून समजा. भीती अगदीच खोटी नाही. पण नुसतं रिंगणात फिरवल्याने पाय वाचतात, हे काही शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखं नाही.

ड्रेसाजचं रिंगण 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद. सरळ चाल मिळते जेमतेम पन्नास मीटर, की आलंच वळण. वळताना सायकलवाला आत झुकतो तसा घोडाही झुकतो. किती, ते दहावीच्या गणितातून निघतं: वेगाचा वर्ग करायचा, त्याला त्रिज्या गुणिले 9.8 ने भागायचं. येणारी संख्या म्हणजे झुकावाच्या कोनाचा टॅन. 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात सेकंदाला 3 मीटर वेगाची दुडकी असेल तर कोन येतो साधारण 5 अंश. त्याच वर्तुळात 5 मीटर वेगाने कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान चाल, केला तर 14 अंश. आणि व्यास 10 मीटरवर आणला की दुडकीतच 10 अंशांच्या पुढे.

सायकलचं टायर गोल असतं, ते झुकलं तरी बिघडत नाही. खुराचा तळ मात्र सपाट असतो. पाय झुकलेला आणि जमीन आडवी, हा फरक खुराच्या आतल्या आणि लगतच्या सांध्यांना सोसावा लागतो. हे सांधे पुढे-मागे दुमडण्यासाठी आहेत, बाजूला त्यांची हालचाल फार थोडी. त्यामुळे एका बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, दाबली जाते. रेती थोडी मऊ असेल तर खुराची एक कड रुतते आणि ताण जरा हलका होतो. म्हणून खोल रेती घालावी, तर त्यातून प्रत्येक पाऊल उपसताना कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचं, काम वाढतं.

कंडरांची अडचण वेगळीच आहे. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. कंडरा, अस्थिबंध, हाड आणि कातडी, संपलं. भरधाव पळताना मागची कंडरा ताणून सुटते तेव्हा थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात आतच राहते आणि कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत जातं. वयात आलेल्या घोड्याची कंडरा व्यायामाने फारशी बळकट होत नाही, जास्तीच्या फेऱ्यांनी झिजते मात्र. ‘डांबरावर दुडकी मारली की पाय टणक होतात’ हे पागेतलं जुनं वाक्य कंडरांपुरतं तरी निकालात काढायला हरकत नाही.

हाडाचा हिशेब याच्या उलट. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी 1984 साली पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर रोज ठरावीक वेळा दाब देऊन पाहिला. दिवसाला 4 दाबांत हाडाची झीज थांबली, 36 दाबांत हाड वाढलं आणि 1800 दाब देऊनही 36 पेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. म्हणजे हाडाला थोडकाच पण दमदार भार पुरतो. तोच व्यायाम शंभरदा घोटल्याने हाडाला काही मिळत नाही, कंडरेला तेवढे हेलपाटे पडतात.

कूर्चेला तर रक्तवाहिन्याच नसतात. सांधा दबला-सुटला की त्यातला द्रव आत-बाहेर होतो, तेच तिचं पोषण. दिवसभर ठाणावर बांधलेल्या घोड्याला एक तास कदमचालीने सरळ चालवलं तर सहा किलोमीटर होतात, आणि सांधा हजारो वेळा, हलक्या भाराने, न झुकता दबतो. रिंगणात हेच करायचं तर लांब बाजू शंभरदा चालावी लागेल, प्रत्येक टोकाला वळण घेत.

तेव्हा माझं मत असं: रपेट ही चैन नाही आणि जादूही नाही. सरळ, लांब, संथ काम हवं. ते बाहेर सोयीने मिळतं. आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण ते एक तास पुरे. सवय नसलेल्या घोड्याला आधी 20 मिनिटं, मग दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवत, आणि सोबत एखादा अनुभवी, थंड डोक्याचा घोडा.

नाशकात जमीन बघून निघावं. मुरमाची पायवाट सगळ्यात बरी, पाणी लवकर निचरतं. काळ्या मातीत पावसाळ्यात खूर रुततो, मागच्या पायाचा खूर पुढच्या नालेवर पडतो आणि नाल उपटून येते. एप्रिल-मेमध्ये त्याच मातीला भेगा पडतात, त्यात खुराची कड अडकते. डांबरावर फक्त कदमचाल, कारण लोखंडी नाल घसरते. गिरणारे-मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांमधून जाताना मांडवाच्या तारांपासून लांब राहावं आणि फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर तो थांबेपर्यंत पुढे जाऊ नये. चढ असावा शंभर मीटरला चार-पाच मीटर. मागच्या पायांचे आणि पोटाचे स्नायू त्यावर कामाला लागतात. उतारावर कदमचालच.

शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकणारे आपल्याकडे कमी नाहीत. ठोकण्याआधी ती उलटी करून बघावी. एक कड दुसरीपेक्षा पातळ झाली असेल तर तो घोडा खूर तिरपा टेकवत होता. शनीचं माहीत नाही, नालबंदाला मात्र पुढच्या खेपेला, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, खूर कुठून किती तासायचा ते तिथेच कळतं.

रपेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा बाहेर काढण्यापूर्वी, गुडघ्याखाली मागच्या बाजूने कंडरा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली हात फिरवावा. दोन्ही पायांची तुलना करावी. एक पाय गरम लागला, कंडरेची कड बोटांना स्पष्ट लागेनाशी झाली किंवा दाबल्यावर घोड्याने पाय उचलला, तर त्या दिवशी ना रिंगण ना रपेट. थंड पाण्याची धार वीस मिनिटं, आणि पशुवैद्याला फोन.