‘दिग्दर्शन’ न मोडता : माहितीपटांच्या टायटलमागची वाट

ठाण्याच्या खाडीवर एक माहितीपट मालिका तयार होते आहे. तिचं टायटल आणि आतले चालते नकाशे यांचं काम नौपाड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत सुरू आहे. पहिल्याच दिवशी श्रेयनामावलीसाठी ‘दिग्दर्शन’ हा शब्द टाइप केला आणि पडद्यावर त्याचे तुकडे झाले. वेलांटी द सोडून पुढे गेली आणि चिन्ह सुटं पडलं की दिसणाऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकली, जोडाक्षराचा हलन्त (पाय मोडल्याची खूण) उघडा पडला, रफार डोक्यावरून उतरून साधा र झाला. हा शब्द टाळून कुठलंच टायटल होत नाही, आणि देवनागरीच्या सगळ्या खाचाखोचा त्या एकाच शब्दात आहेत. आज सेटिंग बदललं की तो नीट दिसतो. पण मुळात तो का फुटतो, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

स्थिर वस्तू एकेका फ्रेमने हलवायची युक्ती आपल्याकडे पहिल्या कथापटाच्याही आधी पोचली होती. १९१२मध्ये दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी मटाराचा दाणा कुंडीत पेरला, त्याची वाढ फ्रेम फ्रेम करून टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ लोकांना दाखवली. पुढे त्यांनी आगकाड्याही अशाच नाचवल्या. डोळ्यांना एरवी न दिसणारी गोष्ट दाखवणं हे त्या अंकुराचं काम होतं, आणि माहितीपटातल्या ग्राफिक्सचं काम आजही तेच आहे, असं मी मानतो.

अक्षरं मात्र बराच काळ जागची हलली नाहीत. रंगवलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची, झालं टायटल. अमेरिकेत १९५५मध्ये डिझायनर सॉल बास यांनी एका चित्रपटासाठी कागद कापून केल्यासारख्या पट्ट्या आणि एक वेडावाकडा हात पडद्यावर सरकवला, तेव्हा नामावली कथेचा भाग झाली. त्याआधी अनेक थिएटरांत नावं संपेपर्यंत पडदाही पूर्ण उघडत नसत.

माहितीपटवाल्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्या हातात असायचे जुने फोटो, पत्रं, नकाशे. यांतलं काहीच हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे रॉस्ट्रम कॅमेरा. कॅमेरा वर टांगलेला, खाली टेबल, टेबलावर फोटो. टेबल सूतभर सरकवायचं, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सूतभर सरकवायचं. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९५७मध्ये सोन्याच्या शोधात गेलेल्या लोकांचे जुने फोटो या पद्धतीने जिवंत केले. १९९०मध्ये माहितीपटकार केन बर्न्स यांनी अमेरिकी यादवी युद्धावरच्या मालिकेत हेच तंत्र इतकं मनापासून वापरलं, की आता संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला त्यांचंच नाव आहे.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन १९४८मध्ये सुरू झालं आणि १९५६मध्ये मुंबईत त्याचा कार्टून विभाग उभा राहिला. शिकवायला डिस्नेमधले क्लेअर वीक्स आले होते. तिथे घडलेल्या राम मोहन यांनी पुढे सत्यजित राय यांच्या १९७७च्या हिंदी चित्रपटात इंग्रजांनी एकेक संस्थान कसं खालसा केलं ते चालत्या चित्रांतून उलगडलं. इतिहास कसा समजावावा हे बघायचं असेल तर तो भाग बघावा. त्याच दशकात राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या एका विद्यार्थ्याच्या रेखाटनातून दूरदर्शनचं चिन्ह आलं. ते फिरत फिरत जुळायचं आणि पंडित रविशंकरांची धून वाजायची, ते आमच्या पिढीच्या अजून कानात आहे.

या सगळ्या काळात देवनागरी कधी फुटली नाही, कारण ती हाताने काढली जायची. हाताने काढलेला शब्द म्हणजे एक अखंड चित्र. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांचं अक्षर बघून नाटक गंभीर की हलकंफुलकं हे वाचण्याआधीच कळायचं. मोडीचं वळण आजच्या सुलेखनात आणणारे अच्युत पालव याच परंपरेतले.

मोडतोड संगणकाने आणली. १९९३मध्ये आफ्टर इफेक्ट्स हे चित्रं-अक्षरं हलवण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि रॉस्ट्रमचं टेबल पडद्यात शिरलं. पण त्याच्या हिशेबात एक अक्षर म्हणजे एक सुटा ठोकळा. रोमन लिपीला ते चालतं. आपली पहिली वेलांटी मात्र उच्चारात व्यंजनानंतर येते, म्हणून युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं नोंदण्याच्या सामाईक पद्धतीत) तशीच नोंदली जाते, आणि दिसायला हवी आधी. ही अदलाबदल करणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर शब्द उसवतो. ती यायला फार वर्षं लागली. तोवर आम्ही दुसरीकडे जुन्या फॉन्टमध्ये शब्द टाइप करायचो, त्याच्या बाह्यरेषा करून आणायचो आणि मग हलवायचो. त्यात नावाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सगळं पहिल्यापासून. एका जाहिरातीत माणसाचं आडनाव चुकीचंच प्रसारित झालं होतं. त्यांच्या मुलाचा फोन आला होता. तो अजून विसरलेलो नाही.

आता शब्द फुटत नाही, तरी अक्षरागणिक आणायला गेलं की शिरोरेषेत फटी पडतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगातही त्या डोळ्याला खुपतात. म्हणून या मालिकेत आम्ही शिरोरेषा वेगळ्या लेयरवर ठेवली आहे. ब्रशने एका दमात ओढलेली, स्कॅन केलेली रेघ. आधी ती डावीकडून उजवीकडे येते, पाण्याच्या पातळीसारखी, आणि मग तिच्याखाली अक्षरं उतरतात, काना-वेलांटीसकट अख्खी.

नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मालिकेतला मुख्य नकाशा त्याआधीच्या किनाऱ्याचा आहे. त्यावर नावं एकदम येत नाहीत. भरतीचं पाणी दक्षिणेकडून आत चढतं, त्याच क्रमाने ती उमटतात : सारसोळे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, दिवागाव. ठाणे सगळ्यात शेवटी.