मुंबईचे पाणी : विहार ते गारगाई

मुंबईत 'तलाव भरले' ही बातमी झाली की लोक निर्धास्त होतात. हिशेब मात्र तोकडा आहे. सातही तलाव काठोकाठ भरले तरी साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. रोजचा पुरवठा साधारण ३,८५० दशलक्ष लिटर धरला, तर हे पाणी वर्षभर आणि वर दहा-अकरा दिवस पुरते, तेही बाष्पीभवन न धरता. म्हणून पालिकेचे लक्ष असते ते पावसाळा सरतानाच्या, १ ऑक्टोबरच्या साठ्यावर. तिथे तूट दिसली की पाणीकपातीची चर्चा सुरू होते.

ही ओढाताण जुनीच. विहिरी आणि तळी आटू लागल्यावर १८५६ मध्ये विहारचे काम निघाले आणि १८६० मध्ये पाणी आले. पण कापसाच्या तेजीत शहर असे फुगले की ते लगेच अपुरे पडले. मग तुळशी (१८७९) आणि पवई झाले. पवईचे पाणी पिण्यालायक निघाले नाही. १८९२ मध्ये तानसा आला, तेव्हापासून मुंबई ठाणे जिल्ह्यावर विसंबू लागली. पुढे मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३) आणि भातसा. आज निम्मा साठा एकट्या भातसाचा.

भातसाचे गणित वेगळे आहे. तानसा, वैतरणेचे पाणी उतारानेच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येते. भातसाचे आधी नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर अडवतात आणि तिथून पंपाने उचलतात. पिशाला वीज गेली की धरण भरलेले असूनही नळ बारीक होतो. धरण मोजून नियोजन करणारे हा दुवा हमखास विसरतात.

पाणीकपातीचा एक तोटाही आहे. पुरवठा थांबला की वाहिनीतला दाब पडतो, आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते. म्हणूनच पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ येते.

मुंबईच्या पाण्याचा विचार करणाऱ्या चितळे समितीने १९९४ मध्ये मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे धरण प्रकल्प सुचवले. यातले मध्य वैतरणा २०१४ मध्ये सुरू झाले, म्हणजे रोजच्या ४५५ दशलक्ष लिटरसाठी वीस वर्षे. गारगाईचे रोजचे ४४० दशलक्ष लिटर जंगलतोड आणि पुनर्वसनाच्या प्रश्नांत अडकून राहिले. विरोधाला कारणही आहे : भातसा-तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात.

मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा रोजच्या २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प ठरला तो याच कोंडीतून. अशा प्रकल्पाला हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते, तानशाच्या उताराला एकही नाही. पण पाऊस लांबलेल्या जूनमध्ये, तलाव तळाला गेलेले असताना, समुद्राची पातळी घटत नाही.