पार्श्वभूमी : कोलोरॅडोचा काठ, टॅमरिस्क आणि भुंगेरा

अमेरिकेच्या नैऋत्य भागात कोलोरॅडो नदी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी, सरकारी जमिनींवर, कॉटनवूड आणि विलो ही देशी झाडं पुन्हा वाढवण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. (आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज हा विलोचाच भाऊबंद.) हे काम बहुतेकदा टॅमरिस्क या परदेशी झाडाविरुद्धची मोहीम म्हणून सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

टॅमरिस्क एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून आलं. पुढे काठाची धूप थांबावी म्हणून ते मुद्दाम लावलं गेलं. त्याचं फावलं ते धरणांमुळे. 1935 मध्ये हूव्हर धरणात पाणी अडू लागलं, 1963 मध्ये ग्लेन कॅन्यनमध्ये. कॉटनवूड आणि विलोचं बी जेमतेम काही आठवडे जगतं. बर्फ वितळून आलेला पूर ओसरताना जो ओला, मोकळा गाळ मागे राहतो, त्यातच ते रुजतं. पूर बंद झाले, तसा गाळही बंद झाला. टॅमरिस्कचं बी मात्र उन्हाळाभर उडत राहतं, आणि खारवट जमीनही त्याला चालते.

एक झाड दिवसाला साडेसातशे लिटर पाणी पितं, हा आकडा अनेक वर्षं फिरत होता. 2006 मध्ये टॅमरिस्क काढण्याच्या प्रयोगांसाठी केंद्रीय कायदा झाला, त्यामागेही पाणी वाचेल ही आशा होती. नंतरच्या मोजण्यांत टॅमरिस्क देशी झाडांइतकंच पाणी घेतं असं दिसलं.

खरा वाद पेटला तो भुंगेऱ्यावरून. मध्य आशिया आणि चीनमधून आणलेला, टॅमरिस्कचीच पानं खाणारा हा कीटक 2001 मध्ये उघड्यावर सोडला गेला. अडचण अशी होती की विलो फ्लायकॅचर या चिमुकल्या पक्ष्याची नैऋत्येकडची उपजात 1995 पासून संकटग्रस्त यादीत होती, आणि विलो उरले नाहीत तिथे ती टॅमरिस्कमध्येच घरटी करू लागली होती. म्हणून तिच्या वीणस्थानांपासून सुमारे 320 किलोमीटरच्या आत भुंगेरा सोडायचा नाही, असं ठरलं. शिवाय दक्षिणेत उन्हाळ्याचे दिवस तुलनेने लहान असल्याने तो तिथे वेळेआधीच सुप्तावस्थेत जाईल आणि टिकणार नाही, असाही भरवसा दिला गेला.

दोन्ही गोष्टी टिकल्या नाहीत. 2006 मध्ये युटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, व्हर्जिन नदीकाठी, भुंगेरा सोडला गेला. दोनेक वर्षांत ऐन विणीच्या हंगामात पानं वाळली आणि घरटी रणरणत्या उन्हात उघडी पडली. भुंगेऱ्याने लहान दिवसांशीही काही पिढ्यांतच जुळवून घेतलं आणि तो दक्षिणेकडे सरकत राहिला. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2010 मध्ये केंद्रीय कृषी खात्याने हा कार्यक्रम गुंडाळला. तोवर कीटक परत बोलावण्याची सोय उरली नव्हती. माझ्या मते चूक भुंगेरा निवडण्यात झाली नाही. टॅमरिस्क मेल्यावर पक्ष्यांनी जायचं कुठे, याची तजवीज आधी केली नाही, ही खरी चूक.

आता क्रम बदलतो आहे. खालच्या कोलोरॅडोवर 2005 मध्ये सुरू झालेल्या 50 वर्षांच्या कार्यक्रमाचं लक्ष्य 8,132 एकर अधिवासाचं आहे आणि त्यातला बहुतांश वाटा कॉटनवूड-विलोचा आहे. जुन्या शेतांत रोपं पिकासारखी ओळीत लावून पाटाचं पाणी देतात, कारण नदी ते आपणहून देत नाही. 2014 च्या वसंतात मेक्सिकोच्या हद्दीत कोरड्या पात्रात आठ आठवडे मुद्दाम पाणी सोडलं, तेव्हा साफ केलेल्या जागी विलो आणि कॉटनवूड आपोआप उगवले, टॅमरिस्कही उगवलं. ॲरिझोनात गिला नदीकाठी तर भुंगेरा पोचण्याआधीच टॅमरिस्कचे छोटे पट्टे काढून तिथे विलो वाढवून ठेवायला सुरुवात झाली आहे.