पाटी एकाची, भिंती दुसऱ्याच्या

नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं ते उंच हॉटेल १९७३ साली उघडलं, तेव्हा त्याचं नाव होतं ओबेरॉय-शेरेटन. पुढे ते ओबेरॉय टॉवर्स झालं, २००४ मध्ये हिल्टन टॉवर्स आणि एप्रिल २००८ मध्ये ट्रायडंट. (त्याच वर्षी नोव्हेंबरात हे नवं नाव जगभर पोचलं, ते फार वेगळ्या कारणानं.) पाट्या चार झाल्या, पण घर ओबेरॉयांच्याच कंपनीचं राहिलं. परदेशी हॉटेल कंपन्या आपल्याकडे कुणाचं बोट धरून आल्या आणि कोणी कोणाला वापरून घेतलं, याची निम्मी गोष्ट या पाट्यांमध्येच आहे. उरलेली निम्मी अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोच्या सरकारला अमेरिकन प्रवासी हवे होते आणि त्यांना उतरवायला धड हॉटेल नव्हतं. सरकारी विकास मंडळानं अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांना पत्रं पाठवली. कॉनरॅड हिल्टननं आपलं उत्तर स्पॅनिशमध्ये लिहिलं, आणि सौदा त्याच्याशी जमला. जमीन, इमारत, सामानसुमान सगळं सरकारचं. हिल्टननं हॉटेल चालवायचं आणि नफ्याचे तीन वाटे करून दोन सरकारला द्यायचे. कॅरिबे हिल्टन १९४९ च्या डिसेंबरात सान हुआनमध्ये सुरू झालं. बांधकामाला सुमारे ७० लाख डॉलर लागले, पण ते हिल्टनच्या खिशातून गेले नाहीत.

ही युक्ती पुढे त्याच्या इतकी अंगवळणी पडली की १९५५ चं इस्तंबूलमधलं हिल्टन तुर्की सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाच्या पैशातून उभं राहिलं, तर १९५९ चं कैरोतलं नाईल हिल्टन इजिप्तच्या पैशातून. हवानाचा किस्सा तर सांगावाच असा आहे. तिथल्या हॉटेल-उपाहारगृह कामगारांच्या निवृत्ती निधीनं बांधलेलं हवाना हिल्टन मार्च १९५८ मध्ये उघडलं. जानेवारी १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो दाढीवाल्या शिपायांसह त्याच हॉटेलात मुक्कामाला आला आणि काही काळ तिथूनच कारभार पाहू लागला. १९६० मध्ये हॉटेलचं राष्ट्रीयीकरण झालं, नाव पडलं हबाना लिब्रे. हिल्टनच्या हातून चालतं हॉटेल गेलं, पण भिंती गेल्या नाहीत, कारण त्या त्याच्या कधी नव्हत्याच. परक्या मुलखात विटा विकत घ्यायच्या नाहीत, हा धडा सगळ्या हॉटेल कंपन्यांनी तिथून पाठ केला असावा असं मला वाटतं.

या धंद्यात हिल्टनला तोडीस तोड होती इंटरकॉन्टिनेंटल. १९४६ मध्ये ती काढली पॅन अ‍ॅम या विमान कंपनीनं. आपलं विमान जिथे उतरतं तिथे आपलंच हॉटेल असावं, असा साधा हिशोब. पहिलं हॉटेल घेतलं ब्राझीलमधल्या बेलेंला. भारतात पहिल्यांदा मोठी परदेशी पाटी लागली तीही याच कंपनीची, १९६५ मध्ये, दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटलवर.

तोवर दिल्लीत मोठं नवं हॉटेल म्हणजे अशोक. १९५६ च्या युनेस्को परिषदेसाठी सरकारनं ते बांधलं होतं. देशाला डॉलर हवे होते आणि ते पर्यटकांच्या खिशात होते. पण न्यूयॉर्क किंवा शिकागोतला माणूस बुकिंग कुठून करणार? आपली ताकद तिथेच संपत होती. मोहनसिंग ओबेरॉय यांनी हे ओळखलं. जागा आणि कष्ट आपले, नाव आणि बुकिंगचं जाळं त्यांचं.

मुंबईच्या ताजनं तोच डाव आणखी सावधपणे खेळला. १९०३ सालच्या जुन्या इमारतीशेजारी १९७३ मध्ये टॉवर उभा राहिला आणि हॉटेलच्या नावाला इंटरकॉन्टिनेंटल जोडलं गेलं, पण चालवणं ताजच्याच माणसांकडे राहिलं. त्या काळात समूहाची सूत्रं अजित केरकरांकडे होती. शिकण्यासारखं होतं ते घ्यायचं आणि बाकी आपल्या मनाप्रमाणे करायचं, हा त्यांचा खाक्या. सिगारेटवाली आयटीसी १९७५ मध्ये मद्रासच्या चोला हॉटेलातून या धंद्यात उतरली, तिनं अमेरिकेतल्या शेरेटन या हॉटेल कंपनीचा हात धरला. १९७३ च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यानं परदेशी भागभांडवलावर ४० टक्क्यांची वेस घातली होती. त्यामुळे परदेशी कंपन्यांना मालकी परवडणारही नव्हती. त्यांना ती नकोच होती, हा भाग वेगळा!

१९९१ नंतर वेस उघडली. आधी ५१ टक्के, पुढे शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला वाट मोकळी झाली. आता या कंपन्या स्वतःची हॉटेलं बांधतील अशी अपेक्षा होती. बहुतेकींनी बांधली नाहीत. एकूण उत्पन्नाचा ठरावीक टक्का, वर नफ्यातला हिस्सा आणि दोन-दोन दशकांचे करार असं जमत असताना सिमेंटमध्ये पैसे कशाला अडकवायचे?

बदलला तो भागीदार. हॉटेलवाल्याच्या जागी जमीनवाला आला. मॅरियटचं भारतातलं पहिलं हॉटेल १९९९ मध्ये पणजीच्या मिरामारला उघडलं, तिथे मालक होते खाणीवाले साळगावकर. मुंबईत के. रहेजा या बिल्डरांची शॅले ही हॉटेल कंपनी, पुण्यात पंचशील हे बिल्डर. बिल्डरला यात काय मिळतं? तारांकित हॉटेलाला जादा एफएसआय (म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा), बाजूच्या ऑफिस-मॉलला वजन, आणि बँकेला दाखवायला जगप्रसिद्ध नाव. पुण्यातलं कॉनरॅड हे नावही त्या जुन्या हिल्टनचंच. अमेरिकेतली हिल्टन आणि परदेशातली हिल्टन १९६४ पासून वेगळ्या कंपन्या होत्या, म्हणून अमेरिकेतल्या हिल्टनला देशाबाहेर स्वतःचं आडनाव वापरता येईना. तिनं मालकाचं पाळण्यातलं नाव वापरलं. २००६ मध्ये दोन्ही घरं एक झाली, तरी नाव राहिलंच.

सगळ्याच सोयरिकी टिकल्या नाहीत. हिल्टन आणि ओबेरॉय चार वर्षांत वेगळे झाले. २००६ मध्ये हिल्टननं डीएलएफ या बिल्डर कंपनीबरोबर ५० ते ७५ हॉटेलांची घोषणा केली. मग २००८ ची मंदी आली आणि त्यातली मोजकीच उभी राहिली. २०१६ मध्ये मॅरियटनं शेरेटनची मालक स्टारवुड विकत घेतली, तेव्हा गंमतच झाली. आयटीसीची कित्येक हॉटेलं मॅरियटच्या बुकिंगमध्ये दिसू लागली. म्हणजे शहरात जिच्याशी स्पर्धा, तीच गिऱ्हाईकही पाठवणार. मालकांची खरी तक्रार याच सुमारास वाढली. एकाच कंपनीकडे तीसेक नावं असली की माझ्या हॉटेलापासून दोन किलोमीटरवर दुसरं नाव लावायला तिला कोण अडवणार? म्हणून करार करताना 'इतक्या अंतरात दुसरं नको' या कलमावर घासाघीस होते. मालकही आता पूर्वीसारखे लहान नाहीत. शॅले २०१९ मध्ये शेअर बाजारात आली. २०२४ मध्ये पंचशीलची व्हेंटिव्ह आणि सराफ कुटुंबाची जुनिपर आली. जुनिपरमध्ये हयात या अमेरिकन हॉटेल कंपनीचा स्वतःचा मोठा वाटा आहे. भिंतींत पैसे घालणारी परदेशी कंपनी आजही विरळाच.

या सगळ्या करारांत एक पक्ष सहीला नसतो, तो म्हणजे गाव. गोव्यात १९८७ मध्ये 'जागृत गोंयकारांची फौज' ही संघटना चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटकांविरुद्ध विमानतळावर गेली होती. पुढे वायंगिणी किनाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ते हॉटेल परदेशी नव्हतं, गोव्यातल्याच उद्योगसमूहाचं होतं, पण मुद्दा तोच: सरकारनं हॉटेलसाठी जमीन घेऊन दिली आणि गावकऱ्यांची किनाऱ्यावर जायची वाट अडली. जानेवारी २००९ मध्ये न्यायालयानं वाट मोकळी करायला आणि आड येणारं बांधकाम पाडायला सांगितलं. त्याच वर्षी गोवा सरकारनं वटहुकूम काढून भूसंपादनाचा कायदा बदलला आणि ते बांधकाम वाचवलं.