रक्तस्राव दिसतो, हात दिसत नाही
दोन महिन्यांचे बाळ एकाएकी मलूल होते, दूध ओढत नाही, टाळू फुगते आणि झटके येतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या जाड आवरणाखाली रक्त साकळलेले आढळते, मेंदूला सूज असते आणि दृष्टिपटलावरही रक्ताचे डाग दिसतात. या तीन खुणा एकत्र आल्या की बाळाला कोणीतरी जोराने गदागदा हलवले असले पाहिजे, असा निष्कर्ष अनेक दशके काढला गेला.

त्याचे मूळ ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांच्या 1971 मधील निबंधात आहे. डोके जड व मान दुबळी असल्याने हिसक्याने मेंदूवरच्या नाजूक शिरा तुटत असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. मात्र 1987 मध्ये अमेरिकी संशोधकांनी बाहुल्यांवर मोजमाप केले, तेव्हा आपटण्याने डोक्याला बसणारा हिसका नुसत्या हलवण्यापेक्षा सुमारे 50 पट निघाला. स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेने 2016 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. त्यांतले दोनच मध्यम दर्जाचे ठरले आणि तेही कबुलीजबाबांवर उभे होते. (आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे येथे आठवते.) इतर बहुतेक अभ्यासांत ज्या खुणांवरून मारहाण ठरवली, त्याच खुणा पुढे मारहाणीचा पुरावा म्हणून मोजल्या होत्या. बालरोग व क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये याला उत्तर दिले, की निदान तीन खुणांवर नव्हे, तर संपूर्ण तपासणीवर होते आणि अशी मारहाण ही खरी गोष्ट आहे. ते मान्यच आहे. बरगड्यांची मागच्या बाजूची अस्थिभंगे दुसऱ्या कारणाने सहज उलगडत नाहीत.

परंतु मराठवाड्यात पहिला प्रश्न वेगळा असावा, असे मला वाटते: बाळाला जन्मताच व्हिटॅमिन के मिळाले होते का? ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेल्या आईचे बाळंतपण कोपीतच, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीतच, झाले, तर जन्मताच मांडीत द्यायचे, रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचे 1 मिलिग्रॅमचे इंजेक्शन राहून जाते. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असल्याने, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूत साधारण दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. रक्त गोठण्याची साधी चाचणी तो उघड करते. मात्र नमुना व्हिटॅमिन के किंवा प्लाझ्मा देण्याआधीच घ्यावा लागतो, कारण उपचारानंतर काही तासांतच चाचणी सुधारते आणि त्या घरावरचा संशय दूर करणारा पुरावा नाहीसा होतो.