लाल रेषेतली शंभर वर्षं

सांगलीत पूर फुटांत मोजतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. आज पाणी किती फुटांवर आहे एवढं कळलं, की आपल्या गल्लीत ते कधी शिरणार हे तिथलं शाळकरी पोरही सांगतं. घोळ सुरू होतो तो कागदावरच्या पुरापासून.

नदीच्या जुन्या नोंदींवरून मोठ्या पुराचा हिशेब मांडायची पद्धत तशी शंभरेक वर्षांची. अमेरिकेत १९६८ साली पूरविम्याचा कायदा झाला आणि 'शंभर वर्षांचा पूर' हे तिथं बांधकामाचं माप बनलं. आपल्याकडे, महाराष्ट्रात, पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाने नदीकाठच्या नकाशावर दोन पूररेषा दिल्या. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधे अटी.

'शंभर वर्षांतून एकदा' ही अभियंत्यांची आपसातली बोली, ती जशीच्या तशी लोकांपुढे आली. ऐकणाऱ्याला वाटतं, सिंहस्थासारखं ठरल्या सालाला येणारं काहीतरी. एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं! अर्थ मात्र एवढाच, की दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. ३० वर्षांचं कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतलं, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी तिथवर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेवर ७१. अमेरिकेतले जलतज्ज्ञ आता टक्क्यांतच बोलणं पसंत करतात, पण नुसता '१ टक्का'ही फसवाच, नगण्य वाटतो. त्याला कर्जाची मुदत जोडली की मग तो टोचतो. 'शंभर वर्षांतून एकदा'ऐवजी 'आवर्तन' म्हणावं, तर शेतकऱ्याला कालव्याचं पाणी आठवणार.

आयर्विनला २००५ मधे पाणी ५३ फुटांपुढे गेलं, २०१९ मधे ५७ पुढे, आणि दोनच वर्षांनी पुन्हा ५५ च्या आसपास. मग 'शंभर वर्षं एवढ्यात सरली का?' असं लोक विचारू लागले. ते चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. रेषा मागच्या नोंदींवर उभी असते. पाऊस बदलला, पात्रात भराव पडले, की जुना हिशेब लंगडा पडतो. पण नव्याने आखायची म्हटलं, की रेषेबरोबर प्लॉटचे भावही हलतात आणि भांडण गणितापेक्षा त्याचंच जास्त होतं.

त्यात नकाशावरचे तलांक, म्हणजे उंचीचे आकडे, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमधे आणि पुलावरची पट्टी फुटांत. लाल रेषा म्हणजे आयर्विनचे किती फूट, हे घर घेणाऱ्याने स्वतःच विचारून घ्यायचं.